म्हातारपणाचा वेग कोण ठरवतो?

म्हातारपणाविषयी बोलताना आपल्या तोंडी हटकून येणारा शब्द म्हणजे ‘झीज’. गुडघे झिजतात, हाडे झिजतात, माणूस संसारासाठी चंदनासारखा झिजतो. शरीर ही वापरून वापरून जुनी होणारी वस्तू आहे, ही समजूत केवळ आपल्या भाषेची नाही. १९८० च्या दशकात बहुतेक जीवशास्त्रज्ञही असेच मानत. ही समजूत हलवणाऱ्यांत सिंथिया केन्यन या अमेरिकी रेणवीय जीवशास्त्रज्ञ महत्त्वाच्या आहेत. त्यांच्या कामाकडे पाहताना मला नेहमी वाटते, की त्यांनी अमरत्वाचा शोध लावला नाही. त्यांनी म्हातारपणाविषयीचा प्रश्न बदलला.

केन्यन यांनी १९८१ साली एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्याकडे काम केले. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीला ब्रेनर यांनीच प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळवून दिले होते. १९८६ मध्ये केन्यन सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्या. कृमीच्या शरीराची जडणघडण जनुके कशी ठरवतात, हा त्यांचा सुरुवातीचा विषय. शरीर घडवण्यामागे हुकूम देणारी जनुके असतील, तर ते मोडण्याच्या वेगामागे का नसावीत? उंदीर दोन-तीन वर्षे जगतो, तर त्याहून लहान असलेली काही वटवाघळे तीस वर्षांहून अधिक जगतात. नुसत्या झिजेने हा फरक समजावता येत नाही.

वाट अगदीच अनोळखी नव्हती. एज-१ या जनुकात बदल झालेले कृमी अधिक जगतात, असे डेव्हिड फ्रीडमन आणि टॉम जॉन्सन यांनी १९८८ साली दाखवले होते. केन्यन यांचे लक्ष गेले ते डाफ-२ या जनुकाकडे. अन्न कमी पडले, गर्दी झाली, की या कृमीची अळी ‘डाउअर’ नावाच्या अवस्थेत जाते; खाणे आणि वाढ थांबवून ती महिनोन्‌महिने तग धरते. हा निर्णय घेण्यात डाफ-२ चा हात असतो, एवढे ठाऊक होते. केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकाचे काम मंदावलेले, पण डाउअरमध्ये न अडकता प्रौढ झालेले कृमी तपासले. एरवी हा प्राणी दोन-तीन आठवडे जगतो. हे कृमी दुपटीहून अधिक जगले, आणि त्यांचे साधे भाऊबंद मरू घातले असताना तेही चपळपणे वळवळत होते. १९९३ साली हा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. डाफ-१६ हे दुसरे जनुक बंद केले, की हे वाढीव आयुष्य नाहीसे होते, हेही त्यांनी दाखवले.

याचा अर्थ १९९७ मध्ये उलगडला. डाफ-२ हे जनुक पेशीवरच्या ज्या ग्राही प्रथिनाचा आराखडा सांगते, ते आपल्या शरीरातल्या इन्शुलिनच्या ग्राहीचे नातेवाईक आहे, असे गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. म्हणजे हे जनुक ‘सुगी आहे, वाढा आणि वंश वाढवा’ असा निरोप पेशींना पोचवते. निरोप क्षीण झाला, की डाफ-१६ जागे होते आणि दुरुस्तीची, ताण सोसण्याची अनेक जनुके कामाला लावते. देखभालीची ही यंत्रणा शरीरात आधीपासूनच असते. सुगीच्या दिवसांत तिच्यावर खर्च कमी होतो, इतकेच. हाच मार्ग मंदावल्याने पुढे माश्या आणि उंदीरही अधिक जगल्याचे आढळले. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांच्या २००८ सालच्या अभ्यासात, डाफ-१६ शी नाते सांगणाऱ्या फॉक्सओ-३ या जनुकाचा एक प्रकार दीर्घायुषी लोकांत अधिक दिसला.

इथे सावध राहायला हवे. ‘दीर्घायुष्याचे जनुक’ हा शब्दप्रयोग सोपा आहे, म्हणूनच फसवा आहे. कृमीचे दुप्पट आयुष्य म्हणजे माणसाचे दुप्पट आयुष्य नव्हे. शिवाय गॉर्डन लिथगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डाफ-२ चे दीर्घायुषी कृमी आणि साधे कृमी एकत्र वाढवले, तेव्हा काही पिढ्यांतच दीर्घायुषी वंश नामशेष झाला. तरुणपणी लवकर अंडी घालण्यात तो मागे पडत होता. निसर्गाने बाजू घेतली ती लवकर होणाऱ्या संततीची. एकेका कृमीच्या वयाची त्याला फिकीर नव्हती.

केन्यन २०१४ पासून गूगलने स्थापन केलेल्या ‘कॅलिको’ या कंपनीत वार्धक्याच्या संशोधनाची धुरा सांभाळू लागल्या. त्यातून औषध निघेल की नाही, हे काळ ठरवील. मला मोलाचे वाटते ते वेगळेच. ‘शतायुषी हो’ हा आशीर्वाद देताना आपण वर्षे मोजतो. पण घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असले, की नुसती वर्षे पुरत नाहीत हे कळते. केन्यन यांच्या कृमींनी लक्ष वेधले ते किती दिवस जगले यापेक्षा, त्या दिवसांत ते हिंडत-फिरत होते म्हणून. वार्धक्याच्या संशोधनाला विचारायचा प्रश्न हाच आहे: वाढवलेल्या वर्षांत माणूस आपल्या पायांवर उभा असेल का?