खुंटीच्या वाटेपासून वानरलिंगीपर्यंत

पिंपरी पेंढारच्या शिवारातून पश्चिमेकडे ओतूर, जुन्नर करत घाटघरला पोचलं, की जीवधन किल्ल्याच्या अंगाला वानरलिंगीचा सुळका दिसतो. साडेतीनशे फुटांहून उंच, सरळसोट. काहीजण त्याला खडा पारशी म्हणतात.

जुन्नर तालुक्यात कातळाशी झटणं जुनंच. शिवनेरी किल्ल्याच्या साखळीच्या नि हडसर किल्ल्याच्या खुंटीच्या वाटेवर पायांइतकेच हातही लागतात. 1818 मध्ये इंग्रजांनी चावंड आणि जीवधनच्या पायऱ्या फोडल्या, त्यामुळे जीवधनवर काही ठिकाणी आजही दोर लावावा लागतो. नवख्या शहरी माणसाला शिकवत कड्यावर नेणं मात्र क्लबांनी सुरू केलं. मुंबईत 1954 मध्ये गिरीविहार सुरू झाला. त्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्थाही उभी राहिली. पुण्यात 1982 मध्ये गिरिप्रेमी आली.

क्लबांच्या सुरुवातीच्या काळात साधनं तुटपुंजी होती. हार्नेसऐवजी दोर थेट कमरेला बांधायचे आणि बोल्टसाठी हातोडीने ठोकून ठोकून भोक पाडायचे. वेळ मात्र भरपूर मिळायचा. नवख्याने आधी सामान वाहायचं, गाठी मारायच्या, दुसऱ्याचा दोर धरायचा. स्वतः पुढे चढण्याची पाळी फार उशिरा यायची. मला ही शिस्त मोलाची वाटते, कारण सह्याद्रीचा कातळ विश्वासू नाही. लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तो झालेला. एक थर पोलादासारखा, तर त्याखालचा भुसभुशीत. भक्कम दिसणारी पकड हातात येते. म्हणून जाणता प्रशिक्षक दगडावर आधी थाप मारून आवाज ऐकतो. त्यात कड्याला आग्या मोहोळं असतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिथे जिवावर बेतू शकतो.

2016 आणि 2017 मध्ये गिरीविहारने नवी मुंबईत बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय ठेंगण्या भिंती चढण्याचा, विश्वचषक भरवला, पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला आणि तरुणांची रीघ लागली. 2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका झाला. त्याच वर्षी साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेचा शासन निर्णय निघाला, तर 2021 च्या धोरणाने आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. हे गरजेचंच होतं.

आजच्या एका दिवसाच्या सहलीत हेल्मेट, हार्नेस आणि वरून लावलेला टॉप रोप असतो. प्रशिक्षक फिगर-ऑफ-एटची गाठ बोटांनी चाचपतो, कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बघतो आणि म्हणतो, "ताई, हातांनी ओढू नका, पायांवर उभ्या राहा." ताई वर जाते, खाली येते, फोटो निघतो, पुढचा नंबर लागतो. भीती मोडते, हे खरंच मोठं काम आहे. पण तिच्या हातात दुसऱ्याचा दोर कुणी देत नाही. हा दोर धरणं म्हणजेच बिले, म्हणजे चढणाऱ्याचा जीव सांभाळणं. ते शिकल्याशिवाय माणूस गिऱ्हाईकच राहतो. प्रशिक्षकाने मागे दुसरा हात ठेवून का होईना, पहिल्याच दिवशी नवख्याला बिले करायला द्यावं. त्यासाठी तुकडी लहान ठेवावी लागेल, पैसे थोडे जास्त पडतील, पडू द्यावेत.

घाटघरची मंडळी ट्रेकर्सना वाट दाखवतात, जेवूही घालतात. कोणत्या कड्याला मोहोळ बसलंय, पावसाळ्यानंतर कुठला दगड हललाय, हे त्यांना शहरातून आलेल्या प्रशिक्षकाच्या आधी कळतं. त्यांच्यातल्या मुला-मुलींना रीतसर गिर्यारोहणाचे अभ्यासक्रम करता यावेत आणि त्यांची फी पर्यटन तालुक्याच्या निधीतून भरली जावी.