रिपोर्ट नॉर्मल, पण दुखणे खरे

ओटीपोटात सतत दुखते, तासातासाला लघवीला जावे लागते, रात्री चार-पाचदा उठावे लागते. लघवीत जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफीत खडा दिसत नाही. आधी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचे पाणी, मग अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि शेवटी ‘मनाचे आहे’ असे सांगून बोळवण. वर्धा जिल्ह्यातील अनेक महिलांना हा क्रम ओळखीचा वाटेल. या आजाराला मूत्राशय वेदना विकार म्हणतात. वैद्यकशास्त्रालाही तो ओळखायला फार वेळ लागला.

१८३६ मध्ये फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक जोसेफ पॅरिश यांनी मूत्राशयात खडा नसतानाही खड्यासारख्या कळा येणाऱ्या रुग्णांची नोंद केली. १९१५ मध्ये गाय हन्नर यांनी आठ महिलांच्या मूत्राशयात विशिष्ट व्रण दाखवले. मात्र त्यानंतर डॉक्टर व्रणच शोधत राहिले. तो फार थोड्या रुग्णांत असतो. उरलेल्यांवर ‘नाजूक मनाच्या’ असा शिक्का बसला.

विकी रॅटनर या अमेरिकी डॉक्टर महिलेलाही हाच अनुभव आला. त्यांनी १९८४ मध्ये रुग्णांची संघटना उभारली. पुढे संशोधनासाठी कडक निकष ठरले. पण दवाखान्यात ते लावल्यावर निम्म्याहून अधिक रुग्ण निसटत असल्याचे १९९९ मध्ये दिसले. आता निदानाची सुरुवात रुग्णाच्या सांगण्यापासून होते: सहा आठवड्यांहून अधिक काळ दुखणे, वारंवार लघवी आणि दुसरे कारण न सापडणे.

आपल्याकडे अडचण त्याही आधीची आहे. डॉ. राणी बंग व वर्ध्यात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० महिलांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. तो अभ्यास मूत्राशयाचा नव्हता, पण ओटीपोटाचे दुखणे बाई किती मुकाट्याने सोसते, हे त्याने दाखवले.

या विकाराचे नेमके कारण अजून ठरलेले नाही. मूत्राशयाचे आतील संरक्षक अस्तर विरळ होऊन लघवीतील क्षार नसांना डिवचतात, असे एक मत आहे. कापूस वेचताना आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाईची लघवी दाट होते आणि आग वाढते.

काय करावे? तीन दिवस लघवीची वेळ आणि मापाने मोजलेले प्रमाण वहीत लिहावे. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर करावे. खडा, क्षयरोग व कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी. लघवीत रक्त दिसल्यास एक दिवसही थांबू नये. हमखास बरे करणारे एकच औषध नाही. मात्र चहा, तिखट, आंबट यांपैकी काय बाधते ते ओळखणे, ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, वेदना कमी करणाऱ्या गोळ्या आणि गरज पडल्यास मूत्राशयात थेट सोडायची औषधे यांनी बहुतेकांना आराम मिळू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत ती वहीही न्यावी. या आजारात निदानाला तिची मोठी मदत होते.