एस्पेरांतोचा पहिला तास

"ही कुठल्या देशाची भाषा?" कोपरला सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या एस्पेरांतोच्या वर्गाला आलेली माणसं हे आधी विचारतात. मग पालकांचा प्रश्न येतो, "सर्टिफिकेटचा काही उपयोग होतो का, मॅडम?" डोंबिवलीतली मुलं जर्मन, जपानी शिकतात ती नोकरीसाठी, तेव्हा प्रश्न रास्तच. मी सांगते, नोकरी हवी असेल तर जर्मनच शिकवा. एस्पेरांतो कुठल्याच देशाची नाही. वॉर्सातले डोळ्यांचे डॉक्टर झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये ती प्रसिद्ध केली, परक्या माणसांना बरोबरीच्या नात्याने बोलता यावं म्हणून. एवढं ऐकून काही जण उठून जातात. खोट्या आशेवर त्यांना बसवून ठेवणं मला पटत नाही.

उरलेल्यांसमोर मी विश्वशांतीवर भाषण देत नाही. फळ्यावर 'मी' लिहिते. अर्थही मी. पुढे 'कीए' म्हणजे कुठे, 'तीए' म्हणजे तिथे. 'कीआम' केव्हा, 'तीआम' तेव्हा. 'कीएल' कसं, 'तीएल' तसं. प्रश्नाला क, उत्तराला त. युरोपातल्या कित्येक नवशिक्यांना हा तक्ता घोकावा लागतो. आपल्याकडे शाळकरी मुलंही तो दोन मिनिटांत पुढे चालवतात.

खरी मजा शब्द जोडण्यात आहे. 'लेर्नी' म्हणजे शिकणं, 'लेर्नेयो' शाळा. 'कुइरी' म्हणजे स्वयंपाक करणं, एवढंच सांगून मी थांबते. एकदा मागच्या रांगेतल्या काकू हळूच म्हणाल्या, "मग स्वयंपाकघर कुइरेयो का?" त्यांना तो शब्द कुणी शिकवला नव्हता, आणि तो बरोबर होता. असा एक शब्द ज्याने स्वतः घडवला, तो बहुधा पुन्हा येतो. म्हणून पहिल्या तासाला मी शब्द कमी सांगते आणि वाट जास्त पाहते. हे वाट पाहणं सर्वांत अवघड. उत्तर जिभेवर असतं आणि गप्प बसावं लागतं.

गळती होते ती कर्माच्या शेवटी लागणाऱ्या 'न'पाशी. 'मी मुलाला पाहते' याचं 'मी वीदास ला क्नाबोन' सगळ्यांना चालतं, कारण 'मुलाला'च्या शेवटीही 'ला' आहे. पण 'मी चहा पिते' याचं 'मी त्रिंकास तेओन' झालं की कपाळाला आठ्या पडतात. आपण चहाला काही लावत नाही ना! म्हणून तो नियम मी पहिल्या दिवशी काढतच नाही.

नव्या माणसाला व्याकरणापेक्षा एकटं पडण्याची भीती जास्त असते. झामेनहॉफ यांनी ती ओळखली होती. पहिल्याच पुस्तकात त्यांनी कापून पाठवायच्या चिठ्ठ्या छापल्या : एक कोटी लोक असंच वचन देणार असतील, तर मीही ही भाषा शिकेन. कोटी काही जमले नाहीत. मग १८८९ मध्ये त्यांनी हजार जणांची नावं-पत्ते छापले. मला ही यादी त्या कोटीच्या स्वप्नाहून मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे पत्र कुणाला लिहायचं ते कळलं. आपल्या विनोबांनाही ही भाषा एका माणसाकडूनच मिळाली. युगोस्लाव्हियाचा भटका लेखक तिबोर सेकेली भारतात आला होता, त्याने त्यांना ती शिकवली.

ड्युओलिंगोवर २०१५ पासून एस्पेरांतोचा अभ्यासक्रम आहे, पण तो मराठीतून नाही. काकूंसारख्यांसाठी मी मराठीत टिपणं लिहिते आणि तास संपण्याआधी प्रत्येकाला परदेशातल्या एका एस्पेरांतोभाषकाला व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप पाठवायला लावते. काकूंनी विचारलं होतं, "चू वी कुइरास?" तुम्ही स्वयंपाक करता का?

पुढच्या रविवारी त्या फोन पुढे धरूनच आत आल्या. तिकडच्या परदेशी आजोबांचं उत्तर आलं होतं, "येस, मी कुइरास सूपोन."

"सूप कळलं हो," काकू म्हणाल्या, "पण शेवटी हा न कशाला लावलाय?"

मी खडू उचलला.