पीटीएच: रक्त एक, आकडे अनेक

डायलिसिसवरच्या पेशंटच्या फायलीत पीटीएचचा रिपोर्ट हमखास सापडतो. मानेत थायरॉइडला मागून चिकटलेल्या, बहुधा चार, इवल्याशा ग्रंथी हे संप्रेरक सोडतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की हाडांतून काढून ते भरून आणायचं, हे त्याचं काम. किडनी निकामी झाली की या ग्रंथींना उसंत मिळत नाही आणि हाडं पोखरली जातात. म्हणून डॉक्टर हा आकडा पुन्हा पुन्हा बघतात. तो कोणत्या किटवर काढलाय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. विचारायलाच हवं.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यालो यांनी किरणोत्सारी खूण लावून संप्रेरकं मोजायची पद्धत आधी इन्सुलिनसाठी बसवली, मग 1963 मध्ये सहकाऱ्यांसह पीटीएचसाठी. पीटीएच रक्तात एकाच रूपात नसतं, हेही 1968 मध्ये या दोघांनीच दाखवलं. त्याचे तुकडेही फिरत असतात. पुढची सगळी झटापट या तुकड्यांशीच झाली.

अख्खं पीटीएच म्हणजे 84 अमिनो आम्लांची साखळी. 1987 मध्ये दोन अँटिबॉडींची युक्ती आली: एक शेपटाकडून पकडणार, दुसरी डोक्याकडून, आणि दोन्ही चिकटल्या तरच रेणू मोजला जाणार. नुसते शेपटाचे तुकडे त्यात गळाले आणि तपासणीला ‘इंटॅक्ट’ हे नाव पडलं. पण डोक्याकडची अँटिबॉडी अगदी टोकाला पकडत नव्हती. पहिली काही आम्लं झडलेला लांब तुकडाही अख्ख्यात जमा होत होता, हे 1998 च्या सुमारास उघड झालं. असे तुकडे बाहेर टाकायचं काम बरंचसं किडनीचं. ती थकली की ते साचतात, म्हणजे ज्यांना या तपासणीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच रक्तात ती सर्वाधिक फसते. नंतरच्या किटमधली अँटिबॉडी पहिल्या चार आम्लांनाच धरते. तिचा आकडा साहजिकच कमी येतो.

फरक किती पडावा? 2006 मध्ये फ्रेंच संशोधकांनी डायलिसिसच्या पेशंटांचं रक्त 15 किटवर तपासलं. जुनं ‘अलेग्रो’ किट जिथे 150 पिकोग्रॅम सांगत होतं, तिथे बाकीची 83 पासून 323 पर्यंत सांगत होती. 300 च्या जागी 160 ते 638. आणि 150 ते 300 हीच तर 2003 च्या अमेरिकी शिफारशींतली लक्ष्यमर्यादा! त्याच रक्तावर एक किट औषध कमी करायला सांगणार, दुसरं वाढवायला. 2009 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ठरावीक आकडा सोडला आणि ज्या-त्या किटच्या कमाल नॉर्मल मर्यादेच्या दुप्पट ते नऊपट असं माप धरलं. मला हा बदल नव्या अँटिबॉडीइतकाच मोठा वाटतो.

नळीचंही महत्त्व आहे. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत पीटीएच जास्त वेळ टिकतं. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या काही किटवर आकडा खोटाच खाली आणतात, त्या घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगावं. गाव किंवा डायलिसिस सेंटर बदलताना एकाच वेळी घेतलेलं रक्त जुन्या आणि नव्या अशा दोन्ही लॅबमध्ये तपासून घ्यावं, म्हणजे आधीच्या रिपोर्टांशी नवा आकडा कसा जुळवायचा ते डॉक्टरांना कळतं.