पॅलाडिन, योधाजीव आणि सोपाऱ्याचा पुण्ण

बोईसर-तारापूरच्या वसाहतींत व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांना 'पॅलाडिन' हे नाव अपरिचित नसावे. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध राजप्रासादाशी आहे. युरोपीय आख्यायिकांत सम्राट शार्लमेनचे बारा वीर पॅलाडिन म्हणविले जातात. 'डायब्लो २' (२०००) सारख्या खेळांत तो पवित्र योद्धा होय. तो धर्मासाठी मारतो, म्हणून त्याची हिंसाही पुण्यमय ठरते.

ही समजूत प्राचीन भारतातही रूढ होती. संयुत्तनिकायात योधाजीव नावाचा एक गामणी, म्हणजे शस्त्रोपजीवी लोकांचा नायक, तथागतांना विचारतो की, रणात मरणारा योद्धा देवलोकी जातो हे पूर्वाचार्यांचे म्हणणे खरे काय? तथागत हा प्रश्न टाळू पाहतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते सांगतात की, शत्रूच्या वधाची इच्छा धरणारे चित्त आधीच हीन झालेले असते. त्याला देवलोक नाही, नरक आहे. गामणी रडू लागतो. मात्र या उत्तरामुळे नव्हे, तर आचार्यांनी आपल्याला इतका काळ फसविले म्हणून! (बाबासाहेबांनीही मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.)

पालघर जिल्ह्याचा वीर शोधायचा तर सोपाऱ्याकडे वळावे. अभ्यासक सूनापरांत प्रदेश याच परिसरात मानतात. तेथे निघालेल्या भिक्खू पुण्णाला तथागत विचारतात की, ते उग्र लोक शिव्या देतील तर? हाताने मारले नाही, एवढे ते भले, असे तो म्हणतो. मग ढेकळे, काठी, शस्त्र, शेवटी मृत्यू; प्रत्येक वेळी त्याचे उत्तर तितकेच शांत. पुण्ण निःशस्त्र गेला आणि त्याच वर्षावासात तेथे सुमारे ५०० उपासक व ५०० उपासिका झाल्या.