रिक्षावाले काका, बस आणि मोटार

दरवर्षी जून महिन्यात शाळा उघडण्याच्या सुमारास पुण्यातल्या घराघरांत एका प्रश्नाचा खल सुरू होतो: मुलाला स्वतःच्या मोटारीने पोहोचवावे, रिक्षावाल्या काकांच्या स्वाधीन करावे, की पीएमपीच्या बसमध्ये बसवावे? कर्वे रस्त्यालगतच्या एका शाळेच्या फाटकाशी सकाळी उभे राहून पालकांशी बोलताना ध्यानात येते ते असे, की भाडे, अंतर आणि वेळ यांचा हिशेब सर्वजण मांडतात खरा, परंतु धाकट्या मुलाच्या बाबतीत निकाल लागतो तो वाहन चालविणाऱ्या माणसाकडे पाहूनच.

मुलाची आई कचेरीतून परतली नसेल तर त्याला कोणत्या शेजाऱ्यांकडे सोडावयाचे, कोणाला बाहेरच्या कडेला बसू द्यावयाचे नाही, परीक्षेच्या दिवशी कोणाला लवकर न्यावयाचे, हे सारे दप्तर काकांच्या स्मरणात असते. उलट मोबाइलवरून बोलावलेल्या ओला-उबरचा मार्ग पडद्यावर क्षणोक्षणी दिसत असूनही, चालक रोज निराळा असल्यामुळे, लहानग्याला तीत एकटे बसविण्यास या आया धजत नाहीत. मात्र याच ओळखीच्या भरवशावर तिघांच्या रिक्षात सात-आठ मुले दाटीने बसविली जातात, आणि ही गोष्ट काकांच्या जिव्हाळ्यामुळेही क्षम्य ठरत नाही.

थोरल्या मुलांचा प्रश्न वेगळा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिवहन सेवा एकत्र होऊन २००७ साली स्थापन झालेल्या पीएमपीची बस खर्चाला हलकी आणि मुलाला स्वावलंबन शिकविणारी असली, तरी थांब्यापासून शाळेपर्यंतच्या दोनतीनशे पावलांत पदपथ उभ्या वाहनांनी व्यापलेला असतो, आणि तेवढ्या वाटेच्या भयाने पालक मोटार बाहेर काढतात. त्या मोटारी फाटकापुढे दुहेरी रांगेत उभ्या राहिल्या, की पायी येणाऱ्या मुलांना भर रस्त्यातून वाट काढावी लागते, आणि ते पाहून आणखी एखादे घर मोटारीकडे वळते. बसच्या वाट्याला येणारा दोष पुष्कळदा या रस्त्याचा असतो.

राज्याच्या २०११ सालच्या स्कूल बस नियमांनी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, अशी तजवीज केली असून तीत पालकांच्या प्रतिनिधीलाही स्थान आहे. येत्या पालकसभेत ही समिती शेवटची कधी भरली होती हे अवश्य विचारा, आणि थांब्यापासून फाटकापर्यंतचा पदपथ मोकळा करविण्याची मागणी लेखी अर्जाने तिच्यापुढे ठेवा.