मंजुरी किती, उचल किती?

लॅपटॉपच्या जाहिरातीत एक आकडा ठळक छापलेला असतो : '४.४ गिगाहर्ट्झपर्यंत'. दुकानदार आकड्यावर बोट ठेवतो. 'पर्यंत' हा शब्द मात्र कुणी मोठ्यानं वाचत नाही. बँकेत उमर गेल्यामुळं माझी नजर आधी अशा शब्दांकडेच जाते. कर्जाच्या कागदांतला खरा मजकूर 'पर्यंत', 'अधीन राहून', 'वगळता' असल्या शब्दांतच दडलेला असतो.

प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, आणि एक गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचे सेकंदाला शंभर कोटी ठोके. पूर्वी या ठोक्यांचा कमाल वेग ठरलेला असे. २००८ साली इंटेलनं 'कोअर आय-७' सोबत 'टर्बो बूस्ट' आणलं, २०१० साली एएमडीनं 'टर्बो कोअर' आणलं, आणि काम अंगावर आलं की प्रोसेसर आपण होऊन नेहमीच्या वेगापलीकडे उसळी घेऊ लागला.

मला यात कॅश क्रेडिटचं खातं दिसतं. व्यापाऱ्याला दहा लाखांची मर्यादा मंजूर झाली, म्हणून दहा लाख उचलता येतातच असं नाही. गोदामात माल किती, यावर त्याची 'ड्रॉइंग पॉवर' ठरते. माल सहा लाखांचा असेल, तर पंचवीस टक्के मार्जिन वजा जाता उचल साडेचार लाखांचीच. प्रोसेसरचंही तसंच. छापलेला आकडा ही मंजुरी. प्रत्यक्ष उचल ठरते ती तो त्या घडीला किती तापलाय आणि किती वीज ओढतोय, यावर. व्यापाऱ्याचा हिशेब महिन्यानं तपासला जातो, याचा क्षणोक्षणी.

या उचलीवरचं व्याज म्हणजे उष्णता. वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. वेग वीस टक्के वाढला आणि त्यासाठी दाब दहा टक्के वाढवावा लागला, तर विजेचा खर्च पंचेचाळीस टक्क्यांनी वाढतो! इंटेलचा 'आय-५ १२३५यू' हा ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर घ्या. त्याचा मूळ हिशेब १५ वॉटचा, पण उसळीत तो ५५ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. बोटभर जाडीच्या लॅपटॉपमधला चिमुकला पंखा एवढी उष्णता किती वेळ बाहेर टाकणार? थोड्याच वेळात वेग उतरतो.

म्हणून ही फसवणूक आहे का? नाही. घरातलं बहुतेक काम उसळीचंच असतं. फाइल उघडली, फोटो पाहिला, पैसे भरले. प्रोसेसर चटकन धावतो आणि पुन्हा विसावतो. मी कादंबरी टाइप करतो तेव्हा दोन अक्षरांच्या मधल्या वेळात तो चक्क डुलकी काढतो. पण व्हिडिओचं संपादन किंवा मुलांचे खेळ तासन्‌तास चालतात. तिथं उसळी नव्हे, दम लागतो. एकाच प्रोसेसरच्या दोन लॅपटॉपांत पंख्याला आणि हवेला पुरती जागा असलेला जाडजूड गडी सडपातळ भावाला मागं टाकू शकतो. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पन्नास-साठ हजार मोजताना आकड्याबरोबर हेही विचारावं : अर्ध्या तासानंतर याचा वेग किती?

उन्हाळ्याचाही हिशेब आहे. शंभर अंशांच्या आसपास असे प्रोसेसर स्वतःला आवरतात. खोली २५ अंशांची असेल तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो. अकोल्याच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की तोच ६० वर येतो. ड्रॉइंग पॉवर एक-पंचमांशानं घटली म्हणा ना!

तेव्हा लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा. त्याच्या झरोक्यांतली धूळ काढून घ्या. पंख्याचा आवाज फारच खुपत असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरावरून ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपांत उसळी थांबते. ही सोय तिथं दिसत असेल तर करून पाहा. लॅपटॉप थंड राहतो, कामं थोडी सावकाश होतात.

काम करताना यंत्र कोमट झालं तर घाबरू नका. खातं चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. फक्त मंजुरीच्या आकड्यावर भुलून सही करू नका.